काका, लिंक मिळेल का?

२३ नोव्हेंबर २०२२च्या रात्री ज्येष्ठ अभिनेते विक्रम गोखले गेल्याची बातमी महाराष्ट्रभर फिरली. ते पुण्यात रुग्णालयात होते आणि प्रकृती गंभीर होती, एवढंच त्यातलं खरं. पण तासाभरात ग्रुपाग्रुपांत त्यांचा फोटो आला, फोटोखाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आलं, मग जोडलेल्या हातांची रांग लागली. नावाजलेल्या कलाकारांनी शोक व्यक्त केला, काही वृत्तसंस्थळांनी बातमी देऊनही टाकली. शेवटी घरच्यांनाच पुढे येऊन सांगावं लागलं की ते आहेत, उपचार चालू आहेत. विक्रम गोखले गेले ते २६ नोव्हेंबरला. त्याच वर्षीच्या जानेवारीत लता मंगेशकर रुग्णालयात असतानाही असंच झालं होतं. त्यांच्या वतीने पुन्हा पुन्हा विनंती करावी लागत होती की अफवा पसरवू नका, कुटुंबाला थोडी मोकळीक द्या.

दवाखान्याच्या बाकड्यावर बसलेल्या माणसाला आपल्याच माणसाच्या श्रद्धांजलीचा मेसेज फोनवर यावा, ही कल्पनासुद्धा सहन होत नाही. आणि तरीही तो मेसेज पाठवणारे वाईट नव्हते. त्यातल्या बहुतेकांचं गोखल्यांवर मनापासून प्रेम होतं. प्रेम होतं म्हणूनच त्यांना राहवलं नाही आणि बातमी हाती आली तशी त्यांनी पुढे सरकवली. म्हणून या विषयाकडे मी गुन्हा म्हणून न बघता रीतभात म्हणून बघतो. पाहुण्याला पाणी कसं विचारावं, दुखवट्याच्या घरी काय बोलू नये, हे आपल्याला कुणी कायद्याच्या पुस्तकातून शिकवलं नाही. बातमी पुढे कशी पाठवावी आणि दुसऱ्याने पाठवलेल्या बातमीचा आधार कसा मागावा, हे मात्र आपल्याला कुणीच शिकवलेलं नाही, आणि आता ते शिकायला हवं.

आधी ग्रुपवर बातमी म्हणून काय काय येतं ते बघू. पेपराच्या कात्रणाचा फोटो येतो. त्यात मथळा असतो, निम्मी बातमी असते, पण पानावरची तारीख कापली गेलेली असते. वाहिनीचा लोगो लावलेली ‘ब्रेकिंग’ पाटी येते. कुणाचा तरी लेख अख्खाच्या अख्खा कॉपी करून येतो आणि खाली ‘जसं आलं तसं पुढे पाठवत आहे’ लिहिलेलं असतं. व्हिडिओ येतो, आवाज दुसऱ्याच कुणाचा असतो. पेपराची पीडीएफ येते. आणि क्वचित, फार क्वचित, मूळ बातमीची लिंक येते.

लिंकचा आग्रह का, हे पत्रकारितेत काम केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. वाचकाला मात्र सांगायला हवं. लिंक उघडली की कुठल्या पेपरची बातमी, कोणत्या गावाहून आली, किती तारखेला, बातमीदाराचं नाव आहे की वृत्तसंस्थेचं, हे सगळं समोर येतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बातमी चुकली तर डेस्कवरचा उपसंपादक त्याच पानावर ती दुरुस्त करतो. उद्या तीच लिंक उघडणाऱ्याला दुरुस्त मजकूर दिसतो. स्क्रीनशॉटला ही सोय नाही. रात्री पावणेअकराची चूक तो तशीच जपून ठेवतो आणि दोन वर्षांनी पुन्हा कुणाच्या तरी हाती देतो. छापील चुकीला निदान दुसऱ्या दिवशीच्या अंकात खुलासा तरी असायचा.

पावसाळ्यात हे दरवर्षी घडतं. मुसळधार पाऊस लागला की पालकांच्या ग्रुपवर जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाचा फोटो येतो. उद्या सर्व शाळांना सुट्टी. राजमुद्रा असते, जावक क्रमांक असतो, सही-शिक्का असतो, सगळं खरं असतं. फक्त आदेश मागच्या किंवा त्याच्याही मागच्या वर्षीचा असतो आणि दिनांकाची ओळ कापली गेलेली असते किंवा इतकी धूसर असते की वाचताच येत नाही. सकाळी निम्मी मुलं शाळेत, निम्मी घरी. जिल्हा प्रशासनाला मग ‘असा कोणताही आदेश काढलेला नाही’ असं पत्रक काढावं लागतं, आणि त्याचाही फोटोच फिरतो. जिल्हा माहिती कार्यालयाच्या किंवा जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकृत खात्याची लिंक कुणीतरी एकाने टाकली असती तर प्रश्न मिटला असता.

इंटरनेटवर वावरण्याच्या शिष्टाचाराची चर्चा आजची नाही. ऑक्टोबर १९९५मध्ये, म्हणजे विदेश संचार निगमने १५ ऑगस्टला भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं त्याच्या दोनच महिन्यांनी, इंटेल कंपनीत काम करणाऱ्या सॅली हॅम्ब्रिज यांनी एका गटासाठी नेटवरच्या रीतीभातींचा दस्तऐवज तयार केला. आरएफसी १८५५ या क्रमांकाने तो ओळखला जातो. तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतं, फेसबुक नव्हतं, गुगलसुद्धा नव्हतं. तरी त्यातल्या सूचना आज वाचताना वाटतं की आपल्याच सोसायटीच्या ग्रुपसाठी लिहिल्या आहेत. आलेला मजकूर पुढे पाठवताना त्यातले शब्द बदलू नका. खासगीत आलेला मजकूर समूहात टाकण्याआधी ज्याचा आहे त्याची परवानगी घ्या. मजकूर छोटा केलात तरी मूळ कुणाचा ते सांगा. साखळीपत्रं पाठवू नका. राग आला असेल तर उत्तर रात्रभर थांबून द्या. आणि एकाच माणसाशी मतभेद असेल तर सगळ्यांसमोर वाद न वाढवता त्याला स्वतंत्र लिहा. त्या वेळी इंटरनेट बहुतांशी विद्यापीठं आणि संशोधन संस्थांमधल्या लोकांचं होतं. त्यांनाही हे लिहून द्यावं लागलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. शिकलेला माणूस बातमी नीट हाताळतोच, असा समज आपल्याकडे फार पक्का आहे.

मराठी माणूसही या दुनियेत लवकर आला. ‘मायबोली’ १९९६मध्ये सुरू झालं. पुढे ‘मनोगत’, ‘मिसळपाव’, ‘उपक्रम’, ‘ऐसी अक्षरे’ आली. बातमीचा नुसता दुवा फेकून निघून जाणाऱ्याला तिथल्या जुन्या मंडळींनी नेहमी एकच विचारलं आहे: तुम्हाला काय वाटतं ते लिहा ना. ही अपेक्षा रास्त आहे. दुवा देणाऱ्याने चार ओळी स्वतःच्या लिहिल्या की आपोआप दोन गोष्टी होतात. त्याला बातमी वाचावी लागते, आणि वाचणाऱ्याला कळतं की वेळ खर्च करून ही उघडायची की नाही.

वाचून पाठवणारे किती, हे बऱ्याच जणांनी मोजून पाहिलं आहे. कोलंबिया विद्यापीठ आणि एका फ्रेंच संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी २०१६मध्ये ट्विटरवरच्या लिंकांचा अभ्यास केला, तेव्हा शेअर झालेल्या लिंकांपैकी ५९ टक्के लिंका कुणी उघडल्याच नव्हत्या. पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या अभ्यासकांनी फेसबुकवरच्या साडेतीन कोटींहून अधिक पोस्ट तपासल्या. २०२४मध्ये त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यानुसार सुमारे ७५ टक्के शेअर हे लिंक न उघडताच झालेले होते. चारातले तीन. म्हणजे आपण बातम्या वाटतो असं म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा मथळे वाटत असतो.

मला या आकड्यांपेक्षा त्यांच्यावरच्या एका साध्या उपायाचं अप्रूप जास्त आहे. २०२०मध्ये ट्विटरने एक प्रयोग केला. लेख न उघडता तो पुढे पाठवू लागलेल्या माणसाला पडद्यावर एक प्रश्न यायचा: आधी वाचायचाय का? पाठवायला बंदी नव्हती, दंड नव्हता, ओरडा नव्हता. कंपनीने नंतर जाहीर केलं की हा प्रश्न दिसल्यावर लोक ४० टक्के अधिक वेळा लेख उघडू लागले. नम्रपणे विचारलेल्या एका प्रश्नाने एवढा फरक पडतो. ‘हॅकर न्यूज’ हे बातम्यांच्या लिंकांवर चालणारं अमेरिकी संस्थळ २००७पासून चालू आहे. तिथले नियम विनंतीच्या भाषेत लिहिलेले आहेत. मूळ स्रोताची लिंक द्यावी, मथळा आपल्या मनाने रंगवू नये, हे त्यात आहेच. पण एक सूचना फार सुंदर आहे: समोरच्याला ‘लेख वाचला तरी का?’ असं विचारू नका, ‘लेखात ते आलं आहे’ एवढंच सांगा. माहिती तीच, आणि समोरच्याचा अपमान होत नाही.

हे सगळं एरवी शिष्टाचारापुरतं राहिलं असतं, पण महाराष्ट्राने याची किंमत माणसांच्या जिवाने मोजली आहे.

कराचीत रोशनी हेल्पलाइन नावाची संस्था आहे. हरवलेल्या मुलांसाठी काम करते. पालकांनी सावध राहावं म्हणून तिने २०१६मध्ये एक छोटी चित्रफीत केली. रस्त्यावर मुलं खेळताहेत, मोटारसायकलवरून दोघं येतात, एका मुलाला उचलून पळतात. थोड्या वेळाने तेच दोघं परत येतात, मुलाला खाली ठेवतात आणि फलक उघडून दाखवतात की कराचीच्या रस्त्यावरून मूल पळवायला एक क्षण पुरतो. भारतात ही चित्रफीत पोचली तेव्हा शेवट कापलेला होता. फलक नाही, संस्थेचं नाव नाही, शहर नाही, मूल परत आणून सोडल्याचं नाही. उरलं ते फक्त मूल पळवण्याचं दृश्य. त्याला जोडून मेसेज आले की मुलं पळवणारी टोळी आपल्या जिल्ह्यात आली आहे. २०१८च्या उन्हाळ्यात देशाच्या अनेक राज्यांत ही भीती पसरली.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षेसाठी गावात आले होते. बहुतेक मंगळवेढ्याकडचे. त्यांच्यातला एक जण लहान मुलीशी बोलला, एवढ्यावरून संशय पेटला. जमावाने पाचही जणांना मारहाण केली, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात डांबलं आणि तिथे ठेचून मारलं. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरून, भिक्षा मागून जगणारा हा समाज. अनोळखी गावात शिरून अनोळखी माणसाशी बोलणं हेच त्यांच्या जगण्याचं साधन. त्याच बोलण्यावरून त्यांचा जीव गेला. त्याच रात्री मालेगावात लहान मुलासह एका कुटुंबाला जमावाच्या तावडीतून पोलिसांनी सोडवलं.

राईनपाड्यात मारणाऱ्यांचा गुन्हा मारणाऱ्यांचाच आहे, तो कुठल्याही मेसेजवर ढकलता येणार नाही. पण त्याआधीच्या आठवड्यांत ज्यांनी ‘काळजी घ्या’ म्हणत ते मेसेज पुढे पाठवले, त्यांतल्या किती जणांना कुणी विचारलं असेल की ही घटना कुठल्या गावची, कोणत्या पोलीस ठाण्यात नोंदली आहे, बातमी कुठे आली आहे? या तीन प्रश्नांना त्या मेसेजांकडे एकही उत्तर नव्हतं. माझ्या मते बातमी पुढे पाठवणारा साक्षीदाराच्या जागी उभा असतो. ‘खरं-खोटं मला माहीत नाही, आलं तसं पाठवलं’ असं म्हणून ती जागा सोडता येत नाही.

राईनपाड्यानंतर व्हॉट्सॲपने दहा दिवसांच्या आत पुढे पाठवलेल्या मेसेजवर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण आणली आणि भारतीय वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन खबरदारीच्या सूचना छापल्या. त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आली. जानेवारी २०१९मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२०मध्ये अनेकदा फिरलेला, दोन बाणांची खूण असलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं, आणि अशा मेसेजांचं प्रमाण त्यामुळे ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने सांगितलं. यंत्राने जमेल ते केलं. पण ते दोन बाण दिसल्यावर थबकायचं की नाही, हे यंत्र ठरवू शकत नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण ग्रुप ॲडमिन या प्रश्नाने धास्तावलेले असतात. एप्रिल २०२०मध्ये, कोरोनाच्या दिवसांत, मुंबई पोलिसांनी आदेश काढून खोट्या माहितीबद्दल ॲडमिनलाही जबाबदार धरलं होतं. कितीतरी ग्रुप तेव्हा ‘ओन्ली ॲडमिन’ झाले. पुढे १ मार्च २०२१ला मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल ॲडमिनला, त्याचा सामायिक हेतू किंवा पूर्वयोजना दिसत नसेल तर, गुन्हेगार ठरवता येत नाही. म्हणजे ॲडमिनने घाबरून सगळ्यांची तोंडं बंद करायचं कारण नाही. त्याचं काम घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचं आहे, पोलिसाचं नाही.

आणि इथेच खरी अडचण येते, कारण आपल्या ग्रुपवर चुकीची बातमी टाकणारा बहुतेक वेळा स्वतःच घरातला वडीलधारा असतो. काका, मामा, निवृत्त साहेब, सोसायटीचे माजी सेक्रेटरी. त्यांना सांगायचं कुणी आणि कसं?

साठ माणसांच्या ग्रुपवर पुतण्या लिहितो: ‘फेक आहे हे. खात्री करून टाकत जा.’ काका उत्तर देत नाहीत. दोन दिवसांनी ओळ दिसते की काका ग्रुपमधून बाहेर पडले. किंवा त्याहून वाईट म्हणजे ते राहतात आणि आपण बरोबर होतो हे सिद्ध करायला तशाच आणखी पाच गोष्टी टाकतात. चारचौघांत मान गेला की बातमीचा प्रश्न मागे पडतो, इभ्रतीचा पुढे येतो. हाच पुतण्या काकांना स्वतंत्र लिहू शकला असता: ‘काका, नमस्कार. मघाशी टाकलेली सुट्टीची बातमी वाचली. लिंक मिळेल का? शाळेच्या ग्रुपवर पाठवायची आहे, तारीख बघून घेतो.’ यात आरोप नाही, खोटेपणा नाही. लिंक खरंच हवी आहे. काका शोधायला बसतात, सापडत नाही, आणि चूक त्यांची त्यांनाच कळते. दुरुस्तीही मग त्यांच्याच नावाने होते.

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेल्या बाई माजी विद्यार्थ्यांचा ग्रुप चालवतात. त्यांची पद्धत मला फार आवडली. आयुष्य वर्गात गेलेल्या या बाईंचं म्हणणं असं की मुलाला वर्गात उभं करून विचारलं तर तो खोटं बोलतो, मधल्या सुट्टीत जवळ बोलावून विचारलं तर खरं सांगतो. म्हणून त्या ग्रुपवर कुणालाच टोकत नाहीत, फोन करतात. ग्रुपच्या माहितीत त्यांनी एवढंच लिहून ठेवलं आहे: ‘बातमी टाकताना कृपया लिंक टाकावी. लिंक नसल्यास पेपरचे नाव व तारीख लिहावी. बातमी का टाकली ते एका ओळीत आपल्या शब्दांत लिहावे. कुणाच्याही निधनाची बातमी घरच्यांशी बोलणे झाल्याशिवाय टाकू नये.’ शेवटचा नियम गावातल्याच एका आजारी गृहस्थांबद्दल घाईने मेसेज आला, त्यानंतर घातलेला. आता तिथे निधनाची बातमी आली की खाली लिहिलेलं असतं, ‘मुलाशी बोललो’. लोक त्यावर विश्वास ठेवून गाडीला किक मारतात.

लिंक देण्यातल्या दोन-तीन बारीक गोष्टी. फेसबुकवरून उचललेल्या लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्हापुढे अक्षरांचा लांबलचक गोंधळ असतो. तुम्ही कुठून आलात याचा माग काढण्यासाठी तो असतो, बातमी बहुधा त्याच्याशिवायही उघडते. तो काढून पाठवावी. आखूड केलेली लिंक शक्यतो टाळावी, कारण ती कुठे नेणार हे उघडण्याआधी कळत नाही, आणि फसवणुकीच्या मेसेजांमुळे ज्येष्ठ मंडळी अशा लिंकांना घाबरतात ते योग्यच आहे. बातमी जुनी असेल आणि तरी पाठवायची असेल तर वर साल लिहावं.

पीडीएफचं थोडं वेगळं आहे. मार्च २०२०मध्ये मुंबईत काही दिवस पेपर छापले गेले नाहीत, एप्रिलमध्ये राज्य सरकारने घरोघरी वाटपावर बंदी घातली, मग लोकांनी पेपराच्या पीडीएफ एकमेकांना पाठवल्या. त्या दिवसांत ते समजण्यासारखं होतं. पण सवय राहून गेली. २९ मे २०२०ला दिल्ली उच्च न्यायालयाने ‘दैनिक जागरण’च्या याचिकेवर टेलिग्रामला पीडीएफ वाटणारे चॅनेल ४८ तासांत काढायला आणि चालवणाऱ्यांची माहिती द्यायला सांगितलं. ज्या बातमीदाराने तालुक्याच्या ठिकाणाहून रात्री अकराला बातमी धाडली, त्याचं मानधन त्या अंकाच्या आणि लिंकच्या वाचकांवर अवलंबून असतं. लेखांचंही तेच. ‘आवडल्यास नावासह पुढे पाठवावे ही विनंती’ ही ओळ मराठी लेखकांना प्रत्येक लेखाखाली लिहावी लागते आणि पुढे पाठवणारा नेमकी तीच ओळ नावासकट पुसतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या ५७व्या कलमाने लेखकाला आपल्या लेखनावर आपलं नाव असण्याचा हक्क दिला आहे. पुसलेल्या नावाच्या जागी मग पु. ल. देशपांडे किंवा कुसुमाग्रज येऊन बसतात, ज्यांनी त्यातलं एक वाक्यही लिहिलेलं नसतं. हा त्या दोघांवरही अन्याय आहे.

चूक झाली तर काय, हा प्रश्न मी बाईंना विचारला. पुष्कळ जण मेसेज गुपचूप काढून टाकतात. २०२२पासून व्हॉट्सॲपवर मेसेज सगळ्यांसाठी पुसायला दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ मिळतो. पण आपल्या ग्रुपवरचा पुसला म्हणून लोकांनी तिथून पुढे पाठवलेल्या प्रती पुसल्या जात नाहीत. म्हणून बाईंच्या ग्रुपवर मेसेज काढण्याआधी दुरुस्ती लिहितात: ‘मी सकाळी टाकलेला सुट्टीचा आदेश मागच्या वर्षीचा आहे. ज्यांनी पुढे पाठवला त्यांनी कृपया तिथेही कळवावे.’ दुसरं वाक्य पहिल्याइतकंच गरजेचं आहे. ‘क्षमस्व’ एवढंच लिहून भागत नाही, कारण ज्या पालकाच्या ग्रुपपर्यंत तो आदेश पोचला त्याला क्षमा नको असते, उद्या शाळा आहे की नाही ते हवं असतं.

आता एक विनंती मराठी वृत्तपत्रांच्या आणि संस्थळांच्या संपादकांना. वाचकाने लिंक मागायची, दुसऱ्याने ती शोधून द्यायची, आणि उघडल्यावर तारीख जाहिरातींच्या खाली सापडायची, हे बदला. बातमी पहिल्यांदा कधी दिली आणि शेवटची कधी बदलली, दोन्ही वेळा मथळ्याखालीच ठळक छापा. चुकलेली बातमी गुपचूप बदलू नका किंवा पान उडवू नका. काय चुकलं होतं आणि आता काय खरं आहे, ते त्याच पानावर वर लिहा. ई-पेपरमधून कात्रण काढण्याची सोय देताना पेपरचं नाव, दिनांक आणि पान क्रमांक त्या कात्रणाच्या चित्रातच, मजकुरातून कापता येणार नाही असा घाला. काही ई-पेपर नाव-तारखेची पट्टी देतात, पण ती कडेला असते आणि बोटाच्या एका फटक्यात निघून जाते.